आरोहणपट्टीचे लाभार्थी

बोरखडी तांड्यातल्या मानीबाई आडेचे गुडघे शासनाच्या कुठल्याच खात्याच्या अखत्यारीत येत नव्हते, त्यामुळे ते मोकळेपणानं दुखत होते. खाली बसायचं तर आधी उठायची सोय बघावी लागे, आणि उठताना "याडी ये!" अशी आईला हाक मारल्याशिवाय ते जमत नसे. आई जाऊन कैक वर्षं झाली होती, पण हाक मारली की गुडघे थोडं ऐकत.

अडचण संध्याकाळची होती. दिवसभर अंगणात आणि तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर हिंडणाऱ्या कोंबड्या सांजेला डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपल्याखाली, झाकाव्या लागत. एकेक कोंबडी वाकून धरायची, डालगं एका हातानं उचलून आत सारायची. दुसरी आत सारेस्तोवर पहिली बाहेर. मानीबाईचा नवरा प्रेमसिंग मदतीला धावे, पण त्याच्या मदतीनं कोंबड्या शेजारच्या मथुराबाईच्या घरापर्यंत जाऊन पोचत.

पुसदच्या बाजारात प्रेमसिंगला कळलं, की परसकुक्कुट उन्नती कक्ष नावाचं एक कार्यालय उंच पायांचं खुराडं देतं. उभ्याउभ्या दार लावता येतं, वाकावं लागत नाही. त्यानं अर्ज केला. खुराडं आलं. हिरवा रंग, पत्र्याचं छत, चार लोखंडी पाय, आणि जमिनीपासून दारापर्यंत तिरपी लावलेली एक लाकडी फळी. कागदोपत्री खुराड्याचं नाव 'उन्नत निवारा' असं होतं आणि फळीचं नाव 'आरोहणपट्टी'.

पहिल्याच संध्याकाळी बादल नावाचा कोंबडा खुराड्याभोवती एक फेरी मारून आला. त्यानं आधी एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्यानं. आणि फर्रकन् उडून दारातून आत गेला. त्याच्यामागे सगळ्या कोंबड्या एकामागून एक उडाल्या आणि आत जाऊन बसल्या. मानीबाईनं उभ्याउभ्या कडी लावली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," प्रेमसिंग म्हणाला.

मानीबाईनं कडी एकदा ओढून बघितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं चुलीच्या धुराच्या नावावर घातलं.

ही गोष्ट इथेच संपायला हवी होती. कोंबड्या आत, गुडघे सरळ, नवरा-बायको चहा पीत बसलेली. पण योजनेचा उद्देश सफल झाला म्हणजे योजना सफल झाली, असं होत नाही. त्यासाठी फोटो लागतो.

फोटो काढायला कक्षाचा विस्तार सहायक अमर गोहणे आला. पोरगा चांगला होता. अख्ख्या तालुक्यातल्या कोंबड्यांची जबाबदारी त्याच्यावर होती आणि ती त्याच्या चेहऱ्यावर दिसे. त्याच्या मोटरसायकलचा सायलेन्सर फुटलेला होता. ती नाल्यापलीकडे असतानाच तांड्याला कळे, की सरकार येतंय.

"मावशी, कोंबडी फळीवरून चढून राह्यली, असा एक फोटो पाह्यजे," अमर म्हणाला.

"फळीवरून कोठी चढते? उडून जाते थ्या," मानीबाई म्हणाली.

"उडून?" अमरचा चेहरा उतरला.

"पाखरू हाय ना थे, साहेब," प्रेमसिंगनं समजावलं. "पंख हायेत त्याले."

"पंख हायेत थे मलेही दिसून राह्यलं काका. पण ॲपमंधी पंखाचा रकानाच नाही." त्यानं मोबाइल पुढे केला. "दोनच गोष्टी हायेत. 'आरोहणपट्टीने प्रवेश' नाहीतर 'प्रवेश नाही'. उडून गेली म्हणजे प्रवेश नाही."

"पण अंदर हायेत ना थ्या!" मानीबाईनं दार उघडून दाखवलं. आत एक कोंबडी अंड्यावर बसली होती. तिनं अमरकडे रागानं बघितलं.

अमरनं आत डोकावून खात्री केली. "हाय अंदर," तो खिन्नपणे म्हणाला. "पण प्रवेश न करता हाय. म्हणजे अनधिकृत झाली."

"मंग?"

"मंग आरोहणपट्टीचा वापर नाही असा शेरा पडते. अन वापर नसला, तर निवारा वापस घेऊन दुसऱ्या गरजूले द्या असं हाय."

हे ऐकताच मानीबाईचे दोन्ही गुडघे एकदम दुखले.

मग तिघांनी मिळून प्रयत्न केले. प्रेमसिंगनं एक कोंबडी उचलून फळीवर धरली. फोटो चढवल्यावर ॲपनं उत्तर दिलं: 'चित्रात बाह्य साहाय्य आढळले.' मग कोंबडीला फळीच्या मध्यावर ठेवून प्रेमसिंग चपळाईनं बाजूला पळाला. कोंबडी तेवढ्यात वळून खाली यायला निघाली. फोटो सुरेख आला. ॲप म्हणालं: 'सदर पक्षी अवरोहण करीत आहे.' तिसऱ्या खेपेला बादलनं मोबाइललाच चोच मारली. त्यावर ॲपला काही म्हणता आलं नाही, कारण ते बंद पडलं होतं.

अमरनं वर कळवलं. वरून उत्तर आलं, की लाभार्थी पक्षी अप्रशिक्षित असल्याचं निदर्शनास येत असून त्यांना तातडीनं प्रशिक्षण देण्यात यावं.

प्रशिक्षण द्यायला शहरातल्या एका संस्थेच्या प्रेरणा मॅडम आल्या. कडुनिंबाखाली 'चला, चढूया!' असा फलक लागला. समोर सतरंजी अंथरली आणि सतरंजीवर डालग्याखाली कोंबड्या ठेवल्या, कारण प्रशिक्षणार्थी त्याच होत्या. मॅडमनी "मी आपलं सगळ्यांचं मनापासून स्वागत करते" असं म्हणून डालगं उचललं, आणि सगळ्यांनी निरोप घेतला.

"उपस्थितीशिवाय प्रशिक्षण झालं असं धरत नाहीत," मॅडम काळजीत पडल्या.

उपाय निघाला. आजूबाजूच्या बाया चहा-बिस्किटासाठी जमल्याच होत्या. एकेकीनं एकेका कोंबडीच्या वतीनं सही करायची ठरली. मथुराबाईला लाल कोंबडी आली. "मी पांढरीची करतो. लालवाली लय भांडखोर हाय," ती म्हणाली, पण बदलून मिळालं नाही. बादलच्या जागी सही करायला पुरुषमाणूस हवं होतं. प्रेमसिंगनं इकडे-तिकडे बघितलं आणि मान खाली घालून सही केली. मानीबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला कडुनिंब धरावा लागला.

मॅडमनी समोरच्या घराच्या भिंतीवर चित्रं दाखवली. आरोहणाची संकल्पना, आरोहणाचे टप्पे, आरोहणातले अडथळे. बाया लक्ष देऊन बघत होत्या. शेवटी शंका विचारायची वेळ आली तेव्हा प्रेमसिंग उभा राहिला.

"म्याडम, म्या काय म्हणतो, त्या बिचाऱ्या उडून जाऊन राह्यल्या. बराबर अंदर जाऊन राह्यल्या. मंग त्याईले चालत जायले कायले शिकवाव?"

मॅडम प्रेमळपणे हसल्या. "काका, उडणं ही त्यांची सवय आहे. चढणं हे कौशल्य आहे."

"पण सवयीनं काम होते ना?"

"सवयीचा विकास करता येत नाही काका. कौशल्याचा करता येतो."

बायांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी बोलणं संपवल्यासारखं वाटलं की टाळ्या वाजवायच्या, एवढं कौशल्य तांड्यानं आधीच्या प्रशिक्षणांतून मिळवलं होतं.

विकासाची पहिली पायरी म्हणजे कोंबड्यांच्या पंखांची टोकं कापायची होती. याला 'उड्डाणक्षमतेचे नियमन' म्हणत. मानीबाई पहिल्यांदा नाहीच म्हणाली. मग तिनं खुराड्याकडे बघितलं, कोपऱ्यात पडलेल्या डालग्याकडे बघितलं, आणि बादलला मांडीवर घेऊन बसली. कात्री चालली तेव्हा बादल गप्प होता. एरवी कावळ्याच्या अंगावर जाणारा तो कोंबडा खाली ठेवल्यावर जरा चालला, त्यानं पंख झटकून उडू बघितलं, आणि उडणं झालं नाही तसा मागे वळून कुणी धरलंय ते बघू लागला. मानीबाईनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

दुसरी पायरी प्रोत्साहन आहाराची होती. हा मका कक्षाकडून येई. अमर तो रोज सांजेला मोटरसायकलवरून आणी, फळीवर ओळीनं टाकी, आणि कोंबड्या मका टिपत टिपत वर जात. थोड्याच दिवसांत असं झालं, की नाल्यापलीकडे फटफट ऐकू आली की तांडाभर पांगलेल्या कोंबड्या धावत येऊन फळीवर ओळीनं उभ्या राहत. सगळ्यात पुढे बादल. फोटो चढला, ॲपवर हिरवी खूण उमटली. 'आरोहण यशस्वी.'

अमरनं मानीबाईच्या पायाला हात लावला. प्रेमसिंगनं गूळ वाटला.

दुसऱ्या दिवसापासून अमरचं येणं थांबलं. त्या संध्याकाळी मानीबाई कडी लावायला गेली, तर खुराडं रिकामं होतं.

कोंबड्या खुराड्याखाली बसल्या होत्या. उडता येत नव्हतं, आणि फळीवरून जायला फटफटीचा आवाज आला नव्हता. प्रशिक्षणातून त्यांनी जे घेतलं होतं, ते पक्कं घेतलं होतं. फटफट झाली की चढायचं, न झाली तर वाट बघायची. मानीबाई हातापायांवर झाली, चार लोखंडी पायांच्या मधे काठी घालून एकेकीला हुसकू लागली. डालगं तरी उघड्यावर असे. इथे डोकं आत घालावं लागे.

"याडी ये!" मानीबाई म्हणाली, आणि बराच वेळ उठली नाही.

दोन-तीन संध्याकाळी असं चाललं. मग एकदा गुडघे अगदीच धरले म्हणून तिनं काठी टाकून दिली. सकाळी ठिपक्यांची कोंबडी नव्हती. बोरीच्या काटवणाकडे पिसं पडली होती. रानमांजराचं काम. ती कोंबडी मानीबाईच्या पायात पायात करायची, भाकरी थापताना परातीपाशी येऊन बसायची. मानीबाईनं त्या दिवशी भाकरी थापल्या, पण जेवली नाही. अमरनं कळवलेल्या माहितीला कक्षानं 'प्रशिक्षणोत्तर गळती' असं नाव दिलं आणि प्रमाण समाधानकारक असल्याचं कळवलं.

प्रेमसिंगनं फटफटीचा आवाज तोंडानं काढून बघितला. गाल फुगवून, मान हलवून, अंगणात फेऱ्या मारत तो संध्याकाळभर फटफटला. कोंबड्यांनी त्याच्याकडे बघितलं, पण जागच्या हलल्या नाहीत. मथुराबाईच्या जावयाची नवी गाडी आणून चालू केली. ती इतकी सभ्य वाजे, की बादलनं डोळेसुद्धा मिटून घेतले. कोंबड्यांना फुटका सायलेन्सर हवा होता.

शेवटी प्रेमसिंग अमरला भेटायला गेला.

"साहेब, तुमची गाडी सांजच्याले आमच्या दारात पाह्यजे. नाहीतर म्हातारी मरते."

अमरला ठिपक्यांच्या कोंबडीचं कळल्यापासून झोप नव्हती. "मी येतो काका," तो म्हणाला. "पण कोणाले सांगू नोका."

तेव्हापासून अमर रोज दिवेलागणीला येऊ लागला. खुराड्यापाशी गाडी उभी करून फट्-फट्-फट् करी. कोंबड्या आज्ञाधारकपणे चढत. मका संपला होता, पण सवय लागली होती; मॅडमच्या भाषेत कौशल्य. मानीबाई कडी लावी आणि अमरला चहा देई. चहा पिताना तो एकदा हळूच म्हणाला, "मावशी, पंखाची टोकं दर महिन्याले कापा असा नियम हाय."

"मंग?"

"मंग काय. मी थे विसरून जाऊन राह्यलो."

मानीबाईनं त्याच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

रोज यायचं म्हणजे काहीतरी कारण दाखवावं लागे. अमर 'लाभार्थी गृहभेट' असं नोंदवी. एकाच लाभार्थ्याला रोज गृहभेट देणारा कर्मचारी अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नव्हता. ही गोष्ट वरच्या लोकांच्या नजरेत आली. चौकशी होईल म्हणून अमर घाबरला होता, पण झालं भलतंच. कक्षानं मानीबाईला 'आदर्श आरोहण लाभार्थी' जाहीर केलं. सत्कार ठरला. प्रशिक्षित पक्ष्यासह उपस्थित राहावं, असा निरोप आला.

मानीबाई ठेवणीतलं लुगडं नेसली, बादलला पिशवीत घातलं, डोकं तेवढं बाहेर ठेवलं, आणि नवरा-बायको एसटीनं निघाली.

कक्षाचं कार्यालय नवं होतं. ते उंच जोत्यावर बांधलं होतं, म्हणजे जनता कुठे आहे ते वरून नीट दिसावं. चढायला उंच उंच पायऱ्या होत्या. आणि पायऱ्यांच्या बाजूला, ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांच्यासाठी, एक उतार बांधला होता. चांगला रुंद, हळूहळू चढत जाणारा, कडेला चकचकीत लोखंडी कठडा. मानीबाईनं असा उतार जन्मात बघितला नव्हता. तिला वाटलं, हा माणूस कोण असेल, ज्याला माझे गुडघे माहीत होते.

उतारावर मोटरसायकली लावल्या होत्या. खालपासून वरपर्यंत, एकीला एक खेटून. तिथे सावली चांगली पडत होती.

प्रेमसिंग वर जाऊन सांगून आला. सभागृहात ध्वनिक्षेपकावरून विनंती झाली, की उतारावरच्या गाड्या कृपया काढाव्यात, सत्कारमूर्तींना वर यायचं आहे. सभागृह भरलेलं होतं. प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बघितलं. कुणी उठलं नाही, कारण प्रत्येकाची गाडी कडेलाच होती आणि दोनच मिनिटांसाठी होती.

मानीबाईनं पायऱ्यांचा प्रयत्न केला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आईला हाक मारली, आणि तिथेच बसली.

"राहू दे," ती प्रेमसिंगला म्हणाली. "इथूनच आयकतो."

वरून संचालकांचं भाषण ऐकू येऊ लागलं. "दुर्बलातल्या दुर्बलाला वर येता यावं, यासाठी आपण फक्त एक पट्टी उभी करायची असते. पुढे तो आपल्या पायांनी येतो." टाळ्या झाल्या.

एवढ्यात अमर आला. त्याला उशीर झाला होता. पायरीवर बसलेली मानीबाई आणि गच्च भरलेला उतार त्यानं एकदमच बघितला, आणि गाडी बंद करायचं भान त्याला राहिलं नाही. फट्-फट्-फट्.

बादल पिशवीतून उसळला. कुणाला काही कळायच्या आत तो उतारावर होता. चाकांमधून, स्टँडखालून, सायलेन्सरना वळसा घालून, मान ताठ ठेवून तो चढत गेला आणि थेट सभागृहाच्या दारात जाऊन उभा राहिला. कार्यालय बांधल्यापासून त्या उतारानं वर गेलेला तो पहिला लाभार्थी.

सभागृह उठून उभं राहिलं. आता मात्र सगळे उठले. टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालकांना गहिवरून आलं. त्यांनी शाल बादलच्या अंगावर घातली, फोटो निघाला, प्रमाणपत्र वाचून दाखवलं: 'कोणत्याही बाह्य साहाय्याशिवाय, अधिकृत मार्गाने.' बोरखडीतला उन्नत निवारा लाभार्थ्याकडे कायम करण्यात येत असल्याचं जाहीर झालं. मग बादलला प्रेमसिंगच्या हातात देऊन सगळे जेवायला गेले.

अमर खाली एकेक गाडी हलवू बघत होता. सगळ्यांची हँडलं कुलूपबंद होती. शेवटची गाडी ओढून बघितल्यावर त्यानं डोकं त्याच गाडीच्या सीटवर टेकवलं.

"काहून रडून राह्यला, बेटा?" मानीबाई म्हणाली. "खुराडं राह्यलं ना आपलं?"

जेवणं झाली तसे लोक बाहेर आले आणि आपापल्या गाड्या काढू लागले. "मावशी, जरा पाय सरकवा," प्रत्येक जण अदबीनं म्हणाला. होता होता उतार रिकामा झाला.

"जातं का वर?" प्रेमसिंगनं विचारलं. "आता काही नाही तिथं. शिपायानं कुलूप लावलं."

"जातो," मानीबाई म्हणाली.

तिनं कठडा धरला आणि चढायला सुरुवात केली. उतार खरंच चांगला होता. गुडघे कुरकुरले, पण आईला हाक मारावी लागली नाही. वर पोचल्यावर तिनं बंद दाराकडे पाठ केली आणि खाली बघितलं. मागोमाग आलेल्या प्रेमसिंगनं बादलला तिच्या हातात दिलं. तिनं शाल बाजूला सारून त्याच्या पंखाखाली हात घातला, आणि नव्या पिसांची टोकं तिच्या तळव्याला टोचली.

"पिसं येऊन राह्यली," ती म्हणाली.

"हळू बोल," प्रेमसिंग म्हणाला.

दोघं हसली. एसटीची वेळ होत आली होती, म्हणून खाली उतरायला वळली. आणि तेवढ्यात खाली, उताराच्या अगदी तोंडाशी, कुणीतरी येऊन आडवी गाडी लावली, हँडल लॉक केलं, आणि वर उभ्या असलेल्या म्हातारीकडे बघून दोन बोटं दाखवली.

"दोनच मिनिटं, मावशी!"

मानीबाई बादलला घेऊन वरती उभी राहिली. गाडीचा नंबर तिला वाचता आला नाही. पण सावली सरकल्यावर उन्हात उभं राहून वाट बघताना तिनं तुमचा चेहरा मात्र नीट बघून ठेवला आहे.